खिशातलं हाड

नवं किरणोत्सारी औषध आमचं होतं, पाच वर्षं खपून तयार केलेलं. शिरेतून टोचलं की ते प्रोस्टेटच्या कॅन्सरला जाऊन चिकटायचं आणि स्कॅनवर तेवढी जागा उजळायची. जुन्या औषधापेक्षा ते सरस आहे का, हे ठरवायला प्रत्येक रुग्णाचे दोन स्कॅन व्हायचे, एक जुन्यावर, एक नव्यावर. कुठला कोणता, हे स्कॅन वाचणाऱ्याला सांगायचं नाही असा नियम. वाचणारा मी. आणि आमच्या औषधानं यकृतही वेगळंच उजळायचं, त्यामुळे मला नुसतं ते पाहून आमचं औषध ओळखू यायचं. हे मी कुणाला बोललो नाही.

बर्तलान सिलागी म्हणजे हंगेरीतल्या तिसा नदीकाठी कबुतरं पाळणारे निवृत्त पोस्टमन. त्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. जुन्या स्कॅनमध्ये कॅन्सर प्रोस्टेटपुरताच होता. नव्यात मात्र उजव्या कमरेच्या हाडावर टपोरा ठिपका. मला आनंद झाला. माणसाच्या हाडात कॅन्सर पाहून आनंद झाला, हे लिहितानाही मान खाली जाते. जुन्याला दिसलं नाही ते आमच्याला दिसलं! खरं तर स्कॅनमधला शरीराचा एकेक आडवा काप सरकवून पाहायचा असतो. मी समोरून दिसणारं अख्ख्या शरीराचं चित्र तेवढं पाहिलं, 'हाडात पसरलाय' असं लिहिलं आणि सही ठोकली. पसरलेल्या कॅन्सरला ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणून सर्जननी ते रद्द केलं. मी बुडापेस्टच्या परिषदेत तोच ठिपका पडद्यावर दाखवून टाळ्या घेतल्या.

सहा आठवड्यांनी सिलागींचा एमआरआय झाला. हाड स्वच्छ. स्कॅनचं मशीन चालवणाऱ्या पिरोश्काबाईंना बोलावून मी आमच्या औषधाचा स्कॅन पुन्हा उघडला. एकेक काप सरकवत त्या मध्येच थांबल्या.

"डॉक्टर, हा डाग हाडात नाहीये."

"मग?"

"खिशात आहे. कातडीच्या बाहेर, चांगला दोन बोटं. समोरून पाहिलं की हाडावरच असल्यासारखा दिसतो. लघवीला जाऊन आले असतील, रुमालाला हात पुसले असतील. तुमचं औषध लघवीतूनच बाहेर पडतं ना?" चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "खिशात हाड असलेला माणूस शोधलात की हो! टाळ्या वाजवू का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सिलागींना बोलावलं. कॅन्सर हाडात नाही, ऑपरेशन होईल, तो डाग रुमालाचा होता, एवढं सांगितलं. मी काप पाहिलेच नव्हते, हे सांगितलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी कबुतरांची चौकशी केली.

"नाहीत आता. शर्यतीची होती, डॉक्टरसाहेब. कुणालाही दिली तरी उडून घरीच येतात. माझ्यामागे रिकाम्या खुराड्यावर येऊन बसली असती. म्हणून मीच माना मुरगाळल्या. एकवीस होती. बायकोनं सूप केलं, पण माझ्या घशाखाली उतरलं नाही."

त्यांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, डोळ्यांपर्यंत नेला आणि तसाच घडी करून मुठीत धरला.

"चूक माझीच. बाईंनी खिसे रिकामे करा म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं, रुमाल काय, कापडच तर आहे. तुम्हाला नाहक ताप दिला. माफ करा मला."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"असू द्या, काका," मी म्हणालो. "होतं असं कधीकधी."

मी त्यांना माफ केलं.