पपईची फोड आणि यार्देनचं पाणी

दवाखान्यातल्या नर्सने फुआतिनोला बजावलं होतं, "साखर मोजायला मावशींच्या बोटाला सुई टोचायच्या आधी हात साबणाने धुवा. दर वेळी." फुआतिनोला राग आला होता. आम्ही बेटांवरची माणसं म्हणजे घाणेरडी, असंच ना? पदवी घेतलेल्या बाईला हात धुवायला शिकवताहेत! तिने मान डोलावली आणि ते वाक्य दवाखान्याच्या दारातच सोडून दिलं.

मावशी म्हणजे शेजारची एलिसापेता. नवरा गेलेला, एकटी राहायची, मधुमेहाची, दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यायची. फुआतिनो कामावर गेली की तिच्या पाच वर्षांच्या लेकीला, लांगीला, मावशीच सांभाळायची.

मांगेरे उपनगरातल्या त्यांच्या बंद गल्लीत चौदा घरं, सगळी सामोआ बेटांवरून आलेल्यांची. एका घरी डुक्कर भाजलं की चौदा घरी हाडं. त्यामुळे स्वतःला देवाचा संदेष्टा म्हणवणारा येरेमिया ब्रिस्बेनहून एका घरी उतरला, तो चौदाही घरांत उतरला. गुरुवारी त्याने मावशीच्या ओसरीवर चमत्कार केला. पपई खाऊ घालून मोजली, तर तिकडच्या मापाने पाच-सातच्या घरात असावी ती साखर बावीस निघाली, आणि दहा मिनिटांची प्रार्थना करून हात पवित्र पाण्यात बुडवले, तर नऊवर आली! मावशीने इन्सुलिनची पेनं कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"मावशी, निदान डॉक्टरांना विचार," फुआतिनो म्हणाली.

"पोरी, आकडा तूपण पाहिलास ना?"

पाहिला होता.

मग आला पांढरा रविवार, मुलांचा सण. एरवी मोठ्यांची जेवणं उरकेपर्यंत मुलं दाराशी ताटकळतात. त्या दिवशी मुलं पांढरेशुभ्र कपडे घालून आधी जेवायला बसतात आणि मोठे वाढपी होतात. कुणी त्यांना गप्प बसवायचं नाही. गल्लीत मांडव पडला. अळकुड्यांसारखे तारोचे कंद, नारळाच्या दुधात शिजलेली त्याची पानं, तापल्या दगडांवरचं डुक्कर, पपयांचे ढीग, आणि या सगळ्याच्या मधोमध येरेमियाचा माइक.

"एदेन बागेत पाप कशातून आलं?" तो गरजला.

"फळातून!" गल्ली ओरडली.

"मग रोगही फळातूनच बाहेर ओढू!"

त्याने गल्लीतल्या बसड्रायव्हर सेफोच्या हातात पिकलेल्या पपईची फोड दिली. "बोटांत घट्ट धर. प्रार्थना कर. आता खा." लगेच बोट टोचून रक्ताचा थेंब साखर मोजायच्या यंत्राला लावला. एकवीस! बायकांनी छाती धरली. मग खास धर्मग्रंथातल्या पवित्र यार्देन नदीचं पाणी आलं, निळ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमधून. त्यात सेफोचे हात बुडवले, चोळले, पुसले, आणि पुन्हा टोचलं. आठ! सेफोची बायको रडली. सेफोने त्या आनंदात डुकराची दुसरी ताटली भरून घेतली.

मावशी मात्र खुर्चीत मिटून बसली होती. सकाळपासून तिने चार बाटल्या पाणी संपवलं होतं, तरी ओठ कोरडे.

"मावशीची साखर परत बघा ना," फुआतिनो म्हणाली.

"बरं झालेल्याला पुन्हा तपासायचं, म्हणजे देवाकडे पावती मागायची!" येरेमिया म्हणाला. टाळ्या.

"पण ती धड बोलत नाहीये."

"अगं, आत्म्याने भरलेलं माणूस शांत होतं," सेफो तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "तुझ्यात कधी भरणार?" मांडव हसला.

तेवढ्यात लांगी पुढे घुसली. हनुवटीपासून कोपरापर्यंत पपईच पपई. "मलापण टोचा!"

"तू नको बाळा," येरेमिया घाईघाईने म्हणाला.

"आज माझा दिवस आहे!"

त्या दिवशी पोरीला नाही म्हणायची कुणाची छाती? सेफोनेच हसत नवी सुई लावली आणि टोचलं.

चोवीस.

लेकीला केव्हापासून आहे हे? आपल्याला कसं कळलं नाही? येरेमिया तोवर सावरला होता. "पाहा! रोग लेकरातही शिरलाय! आणा यार्देन!"

फुआतिनोने पोरीला उचलून छातीशी धरलं. लांगीची बोटं तिच्या मानेला चिकटली, आणि सुटताना कातडी ओढून सुटली. पाक लागल्यासारखी.

हात साबणाने धुवा. दर वेळी.

ती यंत्र उचलून तशीच वळली, अंगणातल्या नळाशी गेली, भांडी घासायच्या साबणाने पोरीचे हात धुतले, कोरडे केले आणि टोचलं. पाच.

"थांबा सगळे," ती म्हणाली. तिने पपईची फोड स्वतःच्या बोटांत दाबून धरली आणि न खाता खाली ठेवली. टोचलं. बावीस. नळाखाली हात धुतले. पाच.

"मी घाससुद्धा खाल्ला नाही. साखर बोटावर होती. यंत्र बिचारं बोटावरचा पपईचा रसही रक्तातच धरतं. आणि तो धुवायला यार्देन कशाला? मांगेरेचा नळ पुरतो!"

"नळाच्या पाण्यात श्रद्धा नसते!" येरेमिया ओरडला.

"मग आकडा कसा खाली आला?" लांगीने विचारलं.

तिला कुणी गप्प केलं नाही. सेफोने हातातली ताटली खाली ठेवली.

फुआतिनोने मावशीचे हात साबणाने धुतले, पुसले, टोचलं. यंत्राने आकडाच दाखवला नाही. साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेली की जी खूण उमटते, ती उमटली.

मग मात्र गल्ली गल्लीसारखी वागली. एकाने गाडी काढली, एकीने पांघरूण आणलं, सेफोने मावशीला लेकरासारखं उचललं. येरेमियाने कॅन कधी उचलला आणि तो कधी सटकला, हे बघायला कुणाला वेळ नव्हता.

"संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर हिला घरी न्यायची वेळ आली नसती," रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले.

सहाव्या दिवशी मावशी घरी आली. "उठून नळाशी जाऊन, हात धुऊन पुन्हा मोजावं, हेही मला सुचलं नाही गं," ती एवढंच म्हणाली आणि इन्सुलिनचं नवं पेन लावून घ्यायला हात पुढे केला.

चौदा घरं होती, आणि मावशीवर सगळ्यांचा जीव होता. तरी तीन दिवस तिची तहान कुणाला दिसली नाही, कारण सगळे चमत्कार बघत होते. दहा मिनिटांत साखर उतरवणारा भेटला, तर त्याच्या पाया पडण्याआधी हात धुऊन पुन्हा मोजा. खरं असेल ते साबणाने जाणार नाही. आणि फुआतिनोचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या शेजारी कुणी एकटं राहतं, औषध सोडून "आता मी बरी आहे" म्हणतं, सणाच्या गर्दीत गप्प बसून असतं. ही गोष्ट मिटून ठेवा, आणि जरा त्या दारावर थाप मारून या.