पुसलेले हसू

मैदानावरून परतल्यावर व्हर्लिन क्रेब्सने मुलीची, जनेलची, झाडून रिकामी झालेली पितळी काडतुसे गॅरेजमधल्या बाकावर ओतली आणि एक दिव्याखाली धरले. बुडाजवळचे पितळ एका बाजूने चंद्रकोरीसारखे फुगले होते. पेनसिल्व्हेनियातले नेमबाज याला 'हसू' म्हणतात. ते पाहून हसत मात्र कुणी नाही.

व्हर्लिन बुचकळ्यात पडला. रिकाम्या काडतुसांत नवी दारू आणि गोळी घालून ती त्यानेच पुन्हा भरली होती. दारू जास्त पडली म्हणावे, तर उरलेल्यांपैकी काही उघडून तोलली, वजन बरोबर. त्याच डब्यातली त्याच्या पिस्तुलातून गुळगुळीत निघाली होती. एकाच पिठाची एकच भाकरी का फुगावी?

"बाबा, शनिवारच्या स्पर्धेला काडतुसं देतोस ना?" जनेल प्रेट्झल चावत आत आली.

"आधी तुझं पिस्तूल रिकामं करून दे."

"नावं ठेवू नकोस हं. तुझ्या खटाऱ्यासारखं अडत नाही ते."

त्याने तिच्या आणि आपल्या, दोन्ही पिस्तुलांच्या नळ्या काढल्या. नवे काडतूस दोन्हींच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत, 'टक्' करून बसले; माप बरोबर. गोंधळ वाढलाच. मग त्याने नळ्या उलट्या धरल्या. काडतूस सहज आत सरकावे म्हणून जनेलच्या चेंबरचा खालचा काठ खोलवर कापलेला होता. तिथे बुडाला भिंतीचा आधारच नव्हता.

"म्हणजे खोट माझ्या पिस्तुलात?"

"कोऱ्या काडतुसाला तेवढी फट चालते. पण मी..." तो थबकला. वर्षभर तिची रिकामी काडतुसेही तो साच्यात दाबून मापात आणत होता आणि आपल्यांत मिसळत होता. हसू साच्यातच पुसले जाई.

"पण टक् वाजलं ना?"

"टक् माप सांगतं. पितळ थकलंय का, ते नाही सांगत. थकलेली जागा पुन्हा त्या फटीवर आली, तर जाळ खाली मुठीत येईल. तुझ्या."

जनेलने नकळत तळहात पँटला पुसला. "मग यातली हसलेली कुठली?"

व्हर्लिनने एक पाहिले, दुसरे पाहिले. सगळी सारखीच चकाकत होती.

भरलेली त्याने गोळी आणि दारू काढून घेण्यासाठी बाजूला ठेवली. मग पक्कड घेऊन रिकाम्यांची तोंडे तो एकेक करून चेपू लागला, पुन्हा कुणी भरू नयेत म्हणून.

"सगळीच?"

"तू वेगळी करून दाखव, चांगली ठेवतो."

जनेलने बराच वेळ एक काडतूस बोटांत फिरवले. मग तिने दुसरी पक्कड उचलली.