अध्यक्षांनी खुर्ची सोडली

सुट्टीत कुठे जायचं यावरही आमच्या घरी आजोबा रीतसर सभा घ्यायचे. अध्यक्ष तेच! पण स्वतःचं मत मांडायचं झालं, की खुर्ची आजीला देऊन ते स्टुलावर बसायचे.

"आटपा आता, किती बोलाल!" आजी दटावायची आणि आजोबा मुकाट्याने थांबायचे.

त्यांना जाऊन वर्ष झालं. काल विद्यार्थी सभेत मी अध्यक्ष होते आणि शाळेचं भित्तिपत्रक बंद करायचा ठराव आला. माझा तर त्यात जीव अडकलेला!

"अगं, तूच अध्यक्ष ना? नामंजूर म्हण आणि मोकळी हो," मैत्रीण कुजबुजली.

"तसं नसतं गं!"

मी उपाध्यक्षाला खुर्ची दिली आणि खाली येऊन तावातावाने बोलले. ठराव एका मताने पडला, भित्तिपत्रक वाचलं.

मैत्रिणींना वाटलं, मी जिंकले म्हणून रडतेय.