कोंडाजीच्या नाकाचा शब्द

कोंडाजीने पातेल्यावरचं झाकण तिसऱ्यांदा उचललं, वाफेत नाक घातलं आणि झाकण तिसऱ्यांदा परत ठेवलं.

"आबा, सारखी उघडझाप केली तर शिजंल का ते?" ओट्यापाशी कोथिंबीर निवडत बसलेली सून राजेश्वरी म्हणाली.

"शिजून पाऊण तास झाला."

"मग?"

"मग काय. बघतोय."

खरं तर तो बघत नव्हता, हुंगत होता. भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता, लसणाचा येत होता, बायकोने, कस्तुराबाईने, घरी कांडून दिलेल्या काळ्या मसाल्याचा तर थेट टाळूपर्यंत जात होता. सगळं वऱ्हाड हजर होतं. फक्त ज्याचं लग्न तोच मांडवात नव्हता. मटणाचा वास येत नव्हता.

तो सदऱ्याला पोटापाशी हात पुसत मागच्या दाराने बाहेर आला. कुसगावातला हा बंगला राजेश्वरीच्या कंपनीने एका दिवसासाठी भाड्याने घेतला होता. डिसेंबरचं धुकं अकरा वाजून गेले तरी हिरवळीवरून उठायला तयार नव्हतं. कोंडाजीने माळ्याच्या शेणखताच्या पाटीवर वाकून वास घेतला. आला. फिनेलच्या बाटलीचं बूच उघडून घेतला. डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बंगल्यात कोणीतरी पाव भाजत होतं आणि एक बाजू करपली होती, तेही त्याला कुंपणाच्या अलीकडून कळलं. नाक शाबूत होतं. म्हातारपणाने गेलं असतं तर निदान दोष कुणाला द्यायचा ते ठरलं असतं.

हे नाक म्हणजे साधी गोष्ट नव्हती. कोंडाजीची कामशेतात पंचवीस वर्षं मटणाची खानावळ. अकरा वर्षांपूर्वी मुलाचा, निलेशचा, घाटात अपघात झाला. पोरगा वाचला तर माळ घालीन असं कोंडाजी दवाखान्याच्या जिन्यात बोलून गेला, आणि पोरगा वाचला. धंदा मटणाचा आणि गळ्यात तुळशीची माळ! त्याच्या वडिवळे गावातल्या जाणत्या माळकऱ्यांनी जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, "खात न्हाई, रांधतो. वैद्य काय रोज आजारी पडतो व्हय?" पहिली दोन वर्षं मीठ कस्तुराबाई बघायची. पुढे तिचीही गरज उरली नाही. वाफ नाकात गेली की मीठ, तिखट, शिजणं, सगळं कोंडाजीला कळायचं. जत्रा असो की जावळ, वडिवळ्यापासून परंदवडीपर्यंत पातेली चुलीवरून उतरत ती कोंडाजीच्या शब्दावर. तो वाफेत तोंड घालून "वाढा" म्हणाला की पंगत बसायची. एकदा एका जत्रेत त्याने चाळीस किलोचं पातेलं हुंगून "हे सकाळचं न्हाई, कालचं हाय" एवढंच म्हटलं होतं. पातेलं खड्ड्यात गेलं. बोकड पुरवणाऱ्याने मुकाट पैसे परत केले.

या नाकाचीच कीर्ती ऐकून श्रीयश आजचं रांधून घ्यायला त्याच्याकडे आला होता. श्रीयश तळेगावचा, परदेशात शिकून आलेला. परंदवडीजवळच्या एका गाळ्यात त्याची कंपनी मटण वाढवत असे. पाळत नसे, कापत नसे, वाढवत असे. बकऱ्याच्या अंगातून तांदळाएवढा कण काढायचा, स्टीलच्या टाकीत खुराकाच्या पाण्यात सोडायचा, ऊब द्यायची आणि वाट बघायची. ज्याचा कण काढला तो बकरा चाकणच्या बाजूला एका फार्मवर मजेत हिंडत होता. त्याचा मोठा फोटो गाळ्याच्या दाराशी लावलेला होता. खंडेनवमीला कामावरच्या बायकांनी टाक्यांची पूजा केली आणि भक्तिभावाने त्या फोटोलाही हार घातला, तेव्हा श्रीयशला घाम फुटला. बकरा जिवंत आहे हाच तर कंपनीचा मुद्दा होता.

कंपनीच्या प्रत्येक पत्रकात लिहिलेलं असे, की या क्षेत्रात वाढीला प्रचंड वाव आहे. दोन वर्षं झाली, वाव होता तेवढाच होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची, जनरेटर सुरू होईपर्यंत टाकी गार पडायची आणि पंधरा दिवसांचं मटण मोरीत ओतावं लागायचं. विक्रीचा परवाना दिल्लीत कुठल्याशा टेबलावर होता. टेबल कुठलं हे शोधायला वेगळा माणूस ठेवला होता. किलोचा भाव आधी मोटारसायकलीएवढा होता, तो आता सायकलीवर आला होता, आणि श्रीयशच्या मते ही क्रांती होती. पण लोणावळ्यात सायकलीच्या भावात मटण खाणारं गिऱ्हाईक अजून भेटलं नव्हतं.

राजेश्वरी तिथे टाक्या धुणं-भरणं शिकली होती. तिच्यासारख्या एकोणीस बायका होत्या. निलेशची पर्यटकांची गाडी शनिवार-रविवारपुरती चालायची. घर चालायचं ते राजेश्वरीच्या पगारावर. मागच्या महिन्यात श्रीयशने सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, की मुंबईचे पाहुणे पैसे घालायला तयार झाले तर ठीक, नाहीतर जानेवारीअखेर कुलूप. ते पाहुणे आज येणार होते.

आणि श्रीयशने दिवस धरला होता गुरुवार. तोही मार्गशीर्षातला.

एकोणीसच्या एकोणीस बायकांचा उपास. त्यांनी पाहुण्यांसमोर आवडीने खायचं आणि "अगदी गावच्यासारखं" म्हणायचं, असा कार्यक्रम छापून झाला होता. "पण हे मटण नाहीच आहे!" श्रीयशने काल काकुळतीने सांगून पाहिलं. त्यावर सरुबाई नावाची सगळ्यांत जुनी कामगार म्हणाली, "मटण न्हाई तर मग दोन वर्सं आमी काय धुतोय, साहेब?"

तेव्हा श्रीयशला कोंडाजीची माळ दिसली.

आत्ताही तो धुक्यातून लगबगीने आला. "काका, चला. पाहुणे लोणावळ्याला उतरलेत. कॅमेरा लावलाय. तुम्ही फक्त एक तुकडा खायचा."

"साहेब, मी काल काय बोललो?"

"विचार करतो म्हणालात."

"म्हंजे न्हाई म्हणालो."

"काका, ऐका. देशात न खाणारे किती कोटी आहेत माहीत आहे? त्यांतला प्रत्येक जण आपलं गिऱ्हाईक. माळकरी माणूस खातोय हे एकदा दिसलं की बास. पाप कशात आहे? मारण्यात. इथे मेलंय कोण?"

"मला एक सांगा," कोंडाजी म्हणाला. "हे मटण हाय का न्हाई?"

श्रीयशने जराही न अडखळता सांगितलं, "खाणाऱ्यांसाठी आहे. न खाणाऱ्यांसाठी नाही."

"म्हंजे निवडणुकीतल्या मानसावानी. दोन्ही आळ्यांत आपलाच."

श्रीयश हसला नाही. तो दोन-तीन रात्री झोपला नसावा. दाढी एका गालावर राहून गेली होती. "काका, मी हात जोडतो. राजेश्वरीताईंसाठी तरी."

तो गेल्यावर कोंडाजीने हिरवळीला दोन चकरा मारल्या. अवघडलं होतं ते माळेमुळे नव्हे. नाक सांगत होतं, हे मटण नाही. म्हणजे खाल्लं तरी माळेला बाध नाही. गोष्ट सोपी होती. पण खायचं तर कॅमेऱ्यासमोर सांगून खायला लागणार, की हे मटण नाही म्हणून खातो. आणि मुंबईहून माणसं आली होती ती मटणात पैसे घालायला. खरं बोललं तर कुलूप. न बोलता खाल्लं, तर वडिवळ्यात म्हणणार, कोंडाजीने पगारासाठी माळ बाटवली. तो तिसऱ्या चकरेला निघाला, तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली.

पाहुणे तिघं होते. त्यांतल्या मुख्य वल्लरीमॅडम, आणि त्यांच्याबरोबर दोन पुरुष. त्यांतला एक सारखा फोनवर तर दुसरा सारखा कंबर धरून. मॅडम चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "श्रीयश, प्रेझेंटेशन नको. ते मी सहा कंपन्यांचं पाहिलंय. सगळीकडे तोच आलेख, वर वर जातो. मला वास दाखव."

पातेलं बाहेर आलं. राजेश्वरी ताटं घेऊन दारात उभी राहिली. सकाळपासून तिच्या पोटात चहाचा घोट नव्हता. कपाळावरचं हळदीकुंकू वाफेने जरा पसरलं होतं. ती ताटांकडे बघत नव्हती, पाहुण्यांकडेही नाही. सासऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हे आमचे कोंडाजीकाका," श्रीयश म्हणाला. "मावळातलं सगळ्यांत मोठं नाक. आणि हे माळकरी आहेत."

"माळकरी?" मॅडम सावरून बसल्या. "आणि तुम्ही हे खाणार?"

फोनवाल्याने फोन खाली ठेवला. कॅमेरा धरणाऱ्या मुलीने बोट वर केलं. श्रीयशने एक तुकडा वाटीत घालून वाटी कोंडाजीच्या हातात दिली.

कोंडाजीने वाटी नाकाशी नेली. तुकडा मऊ दिसत होता, रंगही धरला होता. त्याने डोळे मिटून जेवढा घेता येईल तेवढा श्वास घेतला. खोबरं. लसूण. कस्तुराबाईचा मसाला. त्याच्या खाली, जिथे काहीतरी असायला हवं होतं तिथे, धुतलेल्या स्टीलसारखी एक स्वच्छता होती.

"न्हाई खाणार," तो म्हणाला.

श्रीयशचा चेहरा भिंतीसारखा झाला.

"का?" मॅडमनी विचारलं.

"मटण हाय म्हणून."

"पण यांचं म्हणणं, यात कुणी मेलेलं नाही."

"ते साहेबांस्नी ठावं. मला वासाचं कळतं. अकरा वर्सं तोंडाला लावलं न्हाई, पर वास विसरलो न्हाई." त्याने वाटी खाली ठेवली, दारातल्या सुनेकडे पाहिलं आणि म्हणाला, "वाढा."

मग वल्लरीमॅडम हसायला लागल्या. "श्रीयश, सहा कंपन्यांत मला लोकांनी खाऊन दाखवलं. न खाऊन पटवणारा हा पहिला माणूस! न खाणाऱ्यांच्या मागे कशाला लागलायस तू? यांचा नकार हाच माल आहे. हेच दाखव."

"मी तेच म्हणत होतो," श्रीयश म्हणाला. त्याला जन्मात पहिल्यांदाच मार्केटिंग कळल्यासारखं दिसत होतं.

पाहुणे जेवले. कंबर धरणारा भाकरीची कोर बुडवून म्हणाला, रस्सा कमाल आहे, आणि हाडं नाहीत हे किती सोयीचं. फोनवाल्याने दोनदा वाढून घेतलं. मीठ जरा कमी होतं, पण तब्येतीला तेच चांगलं असं सर्वानुमते ठरलं. मग कॅमेऱ्यामागच्या मुलीने सांगितलं, की काकांचा आवाज नीट आलेला नाही, पुन्हा घ्यावं लागेल. कोंडाजीने पुन्हा वाटी उचलली, पुन्हा हुंगली, पुन्हा नकार दिला. दुसऱ्या खेपेला मागे माकड आलं. तिसऱ्या खेपेला नकार इतका अस्सल वठला, की मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

कामशेतच्या वाटेवर कंपनीच्या गाडीत राजेश्वरी फोनवरून एकामागून एक बायकांना सांगत होती. "व्हय गं, घालत्यात पैसे. निदान वरीसभर तरी. आमच्या आबांनी असं केलं ना…" प्रत्येकीला सांगताना आबांचं वाक्य थोडं लांबत होतं. कोंडाजी एकदा डावीकडे सरकून बसला, एकदा उजवीकडे. खिडकीची काच खाली केली, वर केली.

फोन संपल्यावर ती म्हणाली, "लय भारी केलंत तुमी. सरुबाई रडायला लागली फोनवं." मग जरा थांबून तिने आवाज उतरवला. "आबा, पर खरंच आला का वास? मी रोज टाक्या धुती, मला कधी…"

"तुला सर्दी हाय."

"मला न्हाई सर्दी."

"मग होईल. काच लाव."

तिने काच लावली. वडिवळ्यापर्यंत तिने आणखी दोघींना फोन लावला, पण आबांचं वाक्य आता लांबलं नाही.

घरात गुरुवारची पूजा मांडलेली होती. दिवेलागण झाली होती. राजेश्वरी पुढच्या दाराने आत गेली. कोंडाजी घराला वळसा घालून मागे गेला. मटण रांधून आलं की मागच्या दारी डोक्यावरून अंघोळ करायची, कपडे तिथेच सोड्याच्या पाण्यात टाकायचे, मगच उंबरा ओलांडायचा. माळ घातल्यापासून हा नेम होता. कस्तुराबाईने पाणी तापवून बादली दगडापाशी ठेवलेली होती. सोड्याच्या पाण्याचं घमेलं तिच्या बाजूला.

"सून म्हणती, लय नाव काढलंत," ती म्हणाली.

"हूं."

त्याने सदरा काढून तिच्याकडे दिला आणि तांब्याने पाणी घ्यायला सुरुवात केली. अंग चोळलं, हात कोपरापर्यंत चोळले, नाकपुड्यांतून पाणी ओढून शिंकरलं. एरवी त्याला चार तांबे पुरत. आज बादलीचा तळ दिसायला लागला तरी तो ओतत होता.

कस्तुराबाई सदरा घमेल्यात टाकायला वाकली आणि थांबली. तिने तो नाकाशी नेला. कॉलर हुंगली, मग बाही, मग पोटापाशी, जिथे तो नेहमी हात पुसत असे.

"आवं, मसाल्याचा येतोय निसता. मटण रांधलं ना तुमी?"

कोंडाजीचा तांब्याचा हात हवेत राहिला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती.

"मटणच व्हतं," तो म्हणाला. "भिजव."

तिने त्याच्याकडे पाहिलं. सदरा पुन्हा एकदा हुंगला. मग खाली बसून तो सोड्याच्या पाण्यात घातला, आणि पार बुडेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरला.