कर्णानंद महाराज आणि भरताचं वांगं

त्या गुरुवारी हडपसरच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. चारशे माणसं, प्रत्येकाचा एक कान वर! दोन हजार चार साल. आयटीवाले गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवून, अर्धी रजा टाकून आलेले. मधोमध कर्णानंद महाराज. भक्ताच्या कानात पिवळी पुंगळी खुपसायची, वरून पेटवायची, "ॐ कर्णाय फट्!" म्हणायचं आणि विझली की उलगडून दाखवायची. आत ही एवढी पिवळी-काळी घाण! "अगं बाई!" करत अख्खा मांडव पुढे झुके.

"कानात व्हायरस शिरलाय," महाराज इंजिनिअरांना सांगत. "मी तो अग्निमार्गे डाउनलोड करतो." आणि इंजिनिअर चक्क माना डोलावत!

पहिल्या रांगेत दत्तोबा आणि त्यांची बायको बायडाबाई, मागे त्यांची भाडेकरू अपेक्षा, नुसती धुसफुसत. वर्ध्याची ही पोरगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रोग्यांच्या कानातून काढलेल्या कातडीचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवायची. बायडाबाईंच्या वाहत्या कानाचा वास तिला चांगलाच ओळखीचा होता. या दुखण्यात पडद्याची कातडी आत शिरते, पेशी भराभर वाढतात, मरतात, मेलेल्यांचा ढीग साचतो आणि शेजारचं हाड झिजू लागतं. बायडाबाईंना आता उभं राहिलं की गरगरायचं. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. दत्तोबांनी सकाळीच फोन करून ते रद्द केलं होतं.

"काका, अहो तोंड वाकडं होईल त्यांचं! मेंदूपर्यंत जातं हे."

"गप गं. म्हाराज पाच गुरुवारात समदं काढत्यात. डोळ्यांनी दिसतंय की, घाण निघती हाय!"

दिसत होती खरी. अपेक्षा चरफडली आणि एकदम थबकली. प्रयोगशाळेत आजारी कापाशेजारी निरोगी कातडीचीही एक काच रंगवावी लागे. रोग दाखवणारे तपकिरी ठिपके दोन्हींवर सारखेच उमटले, तर रंगच थापा मारतोय असं समजायचं. महाराजांच्या पुंगळीशेजारी ती दुसरी काच कुणी ठेवलीच नव्हती की!

तिच्या पिशवीत मंडईतून आणलेलं भरताचं वांगं होतं. तिने पेन्सिलीने त्याला भोक पाडलं आणि महाराजांच्या ताटातली एक पुंगळी उचलून त्यात खोचली.

"महाराज, या बिचाऱ्याला अजिबात ऐकू येत नाही हो."

मांडव फिसकन हसला. "श्रद्धेची थट्टा करतेस?" महाराज गरजले. दत्तोबा तिचा हात धरायला उठले.

"बसा खाली," बायडाबाई म्हणाल्या. "कान माझा हाय. पेटीव गं पोरी."

पुंगळी जळली, विझली. अपेक्षाने ती उलगडून सगळ्यांना दाखवली. तेवढीच पिवळी, तेवढीच काळी!

"वांग्यालाही बाधा झाली होती," महाराज पुटपुटले.

झालं! मांडवात हलकल्लोळ उडाला. एका आयटीवाल्याने पुंगळी पाण्याच्या तांब्यात लावली, दुसऱ्याने तबल्यावर टेकवली, कुणी दत्तोबांच्या बुटात खोचून वर "ॐ बुटाय फट्!" म्हटलं. हसून हसून माणसांचे डोळे वाहू लागले. तांब्याला बाधा, तबल्याला बाधा, बुटाला तर भयंकर बाधा!

"मेणात बुडवलेलं कापड आहे हे," अपेक्षा ओरडून सांगू लागली. "जळताना मेण वितळतं, आत ओघळतं, काजळी घेऊन थिजतं. कानातलं काहीही बाहेर येत नाही!" ती बोलेपर्यंत महाराजांची गादी रिकामी झाली होती.

दत्तोबा बुटातली पुंगळी हातात घेऊन बसलेले.

"बघताय काय?" बायडाबाई म्हणाल्या. "बुटाचंबी ऑपरेशन रद्द करून टाका."

दत्तोबांचा चेहरा उतरला. "चुकलो गं," ते म्हणाले आणि त्यांनी मोबाईल काढला. "डाक्टरसाहेब, सोमवारचं ऑपरेशन पुन्हा ठरवा, आमी येतोय."

ऑपरेशननंतर बायडाबाईंच्या कानातला काप अपेक्षानेच रंगवला. एका काचेवर वाढणाऱ्या पेशींचं प्रथिन रंगवलं, दुसरीवर मरणाऱ्यांचं. दोन्ही काचा तपकिरी ठिपक्यांनी भरलेल्या, आणि शेजारच्या निरोगी कातडीवर मोजकेच ठिपके. हाड वेळेत वाचलं होतं.

महिन्याने बायडाबाई भिंत न धरता जिना उतरल्या, तोंड सरळ, जीभ त्याहून सरळ. त्यांच्याकडे आजही कुणी नव्या बाबाचा चमत्कार सांगायला आलं की त्या ऐकून घेतात, आता ऐकूही बरं येतं, आणि आत जाऊन एक वांगं आणून हातावर ठेवतात.

"आधी याच्यावर करून दाखवायला सांग त्याला," म्हणतात. "मग माझ्याकडं ये."