मामंजींची शिल्लक

आमच्या मामंजींना कुठलीही वस्तू संपलेली बघवत नाही. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवणारा माणूस. कप-बशांचा कारखाना त्यांनी 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतच उभा केला, आणि मी सून होऊन आले तेव्हा ही म्हण मला आहेरासारखी मिळाली. सगळ्यांत मोठी शिल्लक असायची कोळशाची. अंगणात ढीग, ढिगावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर मामंजींची नजर.

तो कोळसा सासूबाईंच्या छातीत जाऊन बसला होता. खोकून खोकून बिचाऱ्या रात्री भिंतीला टेकून बसायच्या. डॉक्टर म्हणाले, आधी धूर बंद करा, मग औषधाचं बघू. पण भट्टी बंद केली तर घरातली चूल कशावर पेटणार?

मग गावाबाहेर जमिनीतून नैसर्गिक गॅस काढणारा एक छोटा प्लांट निघाला. तिथल्या विहिरीत गॅस इतका थोडा, की त्यासाठी पाइपलाइन टाकणं कुणाला परवडेना. म्हणून तिथेच तो गार करतात, इतका गार की त्याचा पाण्यासारखा द्रव होतो, आणि टँकरमध्ये भरून आमच्यासारख्यांच्या दारात आणतात. कोळशाच्या जागी अंगणात एक उंच टाकी उभी राहिली, थर्मासच्या थोरल्या भावासारखी. भट्टी गॅसवर गेली, धुराडं गप्प झालं आणि काही आठवड्यांत सासूबाई आडव्या होऊन झोपू लागल्या. मला तर रोज त्या टाकीला हात जोडावेसे वाटायचे.

पण टाकी अजून चाचणीवर होती. प्लांटच्या इंजिनिअरबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "काका, हे साठवायचं नाही, वापरायचं आहे. पडून राहिलं की आतल्या आत उकळतं. दाब वाढला की वरचा वाल्व आपोआप उघडतो आणि गॅस हवेत जातो. वस्तीत ते चालणार नाही."

मामंजींनी नंदीबैलासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून बचतीसाठी बर्नर बारीक करायला लागले. व्हायचं तेच झालं. टाकीच्या डोक्यावरून फुसकन पांढरा ढग निघाला, आणि वाचवलेलं सगळं आभाळात गेलं. इंजिनिअरबाई म्हणाल्या, "ही शेवटची संधी. पुन्हा वाल्व उघडला तर टाकी उचलून न्यावी लागेल."

त्यानंतर भट्टीच्या आतल्या विटा ढासळल्या. मी माल पोचवायला बाजारात गेले होते. परत येऊन बघते तर भट्टी उघडी पडलेली, गवंडी आत शिरलेला, आणि मामंजी खुशीत.

"दुरुस्तीला चार दिवस जातील," ते म्हणाले, "म्हणून सकाळीच टाकी काठोकाठ भरून घेतली. भट्टी पेटवताना हाताशी असलेली बरी."

कोळशाच्या काळात हे शहाणपण होतं. आता मात्र माझ्या पायांखालची जमीन सरकली.

"मामंजी, तो कोळसा नाहीये हो! ताडपत्री घालून तो गप्प बसणार आहे का?"

दाबाचा काटा लाल पट्ट्याकडे निघालाच होता. मी इंजिनिअरबाईंना फोन लावला. गॅस परत काढून न्यायचा, तर प्लांटचा एकुलता एक टँकर दुसऱ्या गावी गेलेला. त्या म्हणाल्या, "संध्याकाळच्या आत गॅस जाळा. कुठेही जाळा, पण शेगडीत जाळा. मी फिटर घेऊन निघते."

भिंतीपलीकडे बेकरी होती. तिथल्या दोन्ही भट्ट्या सिलिंडरवर चालायच्या. पण बेकरीवाला आणि मामंजी यांच्यात वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. आमच्या धुराड्याची काजळी त्याच्या पावांवर बसायची. गल्लीतला प्रत्येक जण पाव बाहीवर झटकूनच तोंडात घालायचा. त्यावरून जुंपली, आणि आमच्या घरात पाव यायचा बंद झाला.

मी गेले. बेकरीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, तुमच्याशी माझं वैर नाही. पण ज्यांनी माझे पाव काळे केले, त्यांनी येऊन बोलावं."

"मी? त्याच्या दारात?" मामंजी कडाडले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

माझंही डोकं फिरलं. "टाकी गेली की कोळसा येईल, आणि कोळसा आला की आईंचा खोकला. ठरवा तुम्हीच."

ते आतल्या खोलीशी गेले. सासूबाई दुपारच्या झोपल्या होत्या. मामंजी उंबऱ्यावर बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा आवाज उतरला होता.

"हल्ली मी घाबरतो गं. खोलीतून खोकला ऐकू येत नाही ना. मग जाऊन बघतो, श्वास चालू आहे का." त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

बेकरीत त्यांनी आधी मैद्याचा भाव विचारला, मग मालाच्या उठावाची चौकशी केली. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. बेकरीवाला हाताची घडी घालून उभा. शेवटी मामंजी म्हणाले, "तुझे पाव माझ्यामुळे काळे झाले. चूक माझी. आता माझी अडचण आहे. माझा गॅस घे."

"किती घेऊ, काका?"

"जळेल तेवढा घे."

जन्मात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

इंजिनिअरबाई आल्या. गवंड्याला भट्टीतून बाहेर काढून त्याच्याकडून भिंतीला भोक पाडून घेतलं, फिटरने पाइप नेला, आणि बेकरीच्या बर्नरची गॅस सुटायची तोंडं बदलून या गॅसला जुळती बसवली. काटा लाल पट्ट्याला टेकला होता. बेकरीवाल्याने दोन्ही भट्ट्या पेटवल्या आणि जास्तीचं पीठ मळायला घेतलं. आम्ही सगळे टाकीपाशी माना वर करून उभे. काटा थांबला. मग हळूहळू मागे सरकला. मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरलंही नाही.

"बेकरीने रोज गॅस घेतला तर तो टाकीत पडून राहणार नाही, आणि तुमची भट्टी बंद असली तरी काळजी नाही," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "टाकी राहील."

बेकरीवाला स्वतः गरम पाव घेऊन आला. मामंजींनी एक उचलला आणि जुन्या सवयीने पांढऱ्या बाहीवर झटकला. मग बाहीकडे बघत राहिले. बाहीवर थोडं पीठ लागलं होतं, बाकी काही नाही.

पावाचा अर्धा भाग ते नेहमीसारखा फडक्यात बांधून ठेवतील म्हणून मी फडकं पुढे केलं. ते त्यांनी बाजूला सारलं. आत जाऊन सासूबाईंना उठवलं आणि अर्धा पाव त्यांच्या हातावर ठेवला. सासूबाईंनी तो सवयीने उशाशी ठेवायला हात लांबवला.

"ठेवू नकोस," मामंजी म्हणाले. "गरम आहे तोवर खा."