काकणांचा माड

"परत माडच! घरात जागा ऱ्हवली नाय गो माझ्या. एक माड फ्रीजार, एक कपाटार, एक नातवाच्या टेबलार. आता सरकार माका बागायतदार समाजतला," काशीबाई सुशीलेच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटली.

"काकी, गप. बाई येतत," सुशीला म्हणाली आणि चेहऱ्यावर कोऱ्या विद्यार्थिनीचं कुतूहल आणून बसली. हल्ली ते तिला सहज जमायचं.

तेरेझाबाई आतून चहाचा ट्रे घेऊन पडवीत आल्या. ट्रेमध्ये नेहमीप्रमाणे पदेराच्या भट्टीतली पावाची काकणं होती, ती बांगडीसारखी गोल, कडक, दाताची परीक्षा बघणारी. त्यांतलं एक उचलून त्यांनी डोळ्यांसमोर आडवं धरलं.

"बघा, बायांनू. आज आपण माड काढूया. वरसून बघल्यार काकण गोल. पण बाजूक धरला काय कसा दिसता? वाकडा. माडाच्या खोडाक अशीच काकणां भरूची. एकार एक, एकार एक. वर पोचलास काय चुडतां, माडाची पानां. चुडतात मासळीचे काटे काढायचे."

"अगो बाय, किती सोप्पा!" नम्रता म्हणाली. ती अंगणवाडीत मदतनीस होती, त्यामुळे तिला आश्चर्य वाटून घेण्याची सवय होती.

आरोंद्याच्या खाडीकाठच्या या पडवीत दर बुधवारी दुपारी हा वर्ग भरायचा. तेरेझाबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. चित्रकलेशी त्यांचा संबंध कंपासने वर्तुळ काढण्यापुरता. नवरा प्लासिद गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा मोबाईलवर त्यांना कुठूनसं हे झाडं काढण्याचं गवसलं. चित्रकार असायची गरज नाही. एक साधी खूण घ्यायची आणि तीच पुन्हा पुन्हा काढत जायचं, की झाड भरत जातं. "पाढ्यांसारख्याच आसा ह्यां," असं म्हणून त्यांनी नाताळानंतर ओळखीच्या तिघींना बोलावलं होतं.

सुशीलेच्या घरची भाताची गिरण. दिवसभर कानात घरघर, केसांत कोंडा. सुरुवातीला ती आली ती बाईंना नाही कसं म्हणायचं म्हणून. पण काळं पेन हातात घेऊन बारीक बारीक खुणा भरताना तिच्या डोक्यातली गिरण बंद पडायची. घरातल्या कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं काम तिने जन्मात पहिल्यांदाच केलं होतं, आणि ते तिला फार गोड लागलं होतं.

आधी माड झाला. मग टिंबाटिंबांचा फणस, अर्धचंद्रांचा काजू, लांबट पानांचा आंबा. सुशीलेचा आंबा बाईंनी फ्रेम करून पडवीच्या भिंतीवर लावला. "फुडच्या बुधवारी रतांबो," त्या म्हणाल्या होत्या.

पुढच्या बुधवारी त्यांनी माड शिकवला.

उजळणी असेल, असं तिघींना वाटलं. त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा माड. नम्रतेने तोंड उघडलं, "बाई, हो माड तर..." आणि सुशीलेने टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला. त्या दिवशी घरी जाताना तिघी रस्ताभर बांगड्याच्या भावावर बोलल्या. इतक्या मन लावून त्या मासळीवर कधी बोलल्या नव्हत्या.

पुढे त्यांच्या लक्षात आलं, की माड पटकन बरोबर काढला तर बाई गोंधळतात. "तुका कोणी शिकयला?" असं विचारून कपाळाला हात लावून बसतात. मग तिघी चुका करू लागल्या. काशीबाईला त्यासाठी वेगळे कष्ट पडत नव्हते. नम्रता चुडतं उलटी काढायची. सुशीला काकणं सरळ काढायची, म्हणजे खोडाऐवजी शिडी दिसायची. मग बाई मागे येऊन उभ्या राहायच्या, तिचा हात धरून रेघ वाकवून घ्यायच्या आणि खूश व्हायच्या. शिकवताना त्यांचा आवाज अगदी पूर्वीसारखा असायचा. काढलेले माड तिघी पिशवीत घालून घरी न्यायच्या, म्हणजे पडवीत पुरावा राहायचा नाही.

बाईंची लेक ग्लेनिशा म्हापशाला. तिचा आदल्याच दिवशी सुशीलेला फोन आला होता. "मम्मी फोनार तेच तेच बोलता गो. बरी आसा मां ती?"

"एकदम बरी. वर्ग घेतत ना."

"वर्ग चलता तवसर माका चिंता नाय. ज्या दिसा बंद पडलो, त्या दिसा मी तिका हंय म्हापशाक घेवन येतलंय."

म्हापशाच्या त्या फ्लॅटमध्ये खिडकी उघडली की समोरच्यांचं न्हाणीघर दिसतं, हे बाईंनीच सांगितलं होतं. सुशीलेने फोन ठेवला आणि बुधवारसाठी जरा मोठी चूक करायची ठरवलं.

आता तिने ती केली. काकणं सरळ तर काढलीच, शिवाय माड मध्येच जाड करून ठेवला. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. सुशीला वाट बघत होती, त्यांचा हात येईल, हसू येईल. काहीच आलं नाही.

बाई भिंतीवरच्या आंब्याकडे बघत होत्या. मग कागदाकडे. पुन्हा आंब्याकडे.

"सुशीला, तो आंबो तुझोच मां?"

"होय."

"आनी हो माड?"

"तोय माझोच."

बाईंनी तिचा उजवा हात हातात घेतला. एकेक बोट वाकवून बघितलं. "दुखतत? मुंग्यो येतत? डोळ्यांक नीट दिसता मां गो? बरी काढीत होतंस तू. कुडाळाक डॉक्टराक दाखवया. मी येतंय तुझ्या वांगडा."

"माका काय झाला नाय, बाई." सुशीलेने हात सोडवून घेतला. काशीबाई काकण चहात बुडवून तशीच बसली होती. ते भिजून कपात गळून पडलं, तरी तिला कळलं नाही.

तेरेझाबाई खुर्चीवर टेकल्या. "मग दोष माझो. नाताळापासून येतास तुमी. आता श्रावण इलो, आनी एक माड तुमका काढूक येणा नाय. माका शिकवूकच जमणा नाय आता." त्यांनी टेबलावरची पेनं गोळा करून डब्यात घालायला सुरुवात केली. "बंद करूया हो वर्ग. तुमची कामां सोडून येतास, कित्याक ती?"

"बाई, नको," नम्रता म्हणाली आणि सुशीलेकडे बघू लागली. काशीबाईही बघू लागली.

सुशीलेने डब्यातलं एक पेन परत काढून घेतलं. कागद उलटा केला आणि कुणाकडे न बघता माड काढायला लागली. खालून वर, एकावर एक काकणं, सगळी सारखी वाकडी. शेंड्याला चुडतं, चुडतांत मासळीचे काटे, त्यांच्या बुडाशी गोल गोल नारळ. हात कुठे अडला नाही. तिने कागद बाईंसमोर सरकवला.

बाईंनी चष्मा वर केला. बराच वेळ त्या माडावरून बोट फिरवत राहिल्या.

"सुंदर काढलंस गो," त्या हळू म्हणाल्या. "कोणी शिकयला तुका?"

"तुमीच."

"मी? कधी?"

सुशीलेने पेनाचं टोपण लावलं. मग बाईंचा हात मघाशी त्यांनी तिचा धरला होता तसा दोन्ही हातांत धरला.

"दर बुधवारी, बाई. आमका कधीचो येता हो माड. आमी मुद्दाम चुकतव. तुमी विसारतास."